मेसची निवडणूक आणि नियम बावीस

मेस कमिटीच्या निवडणुकीची नोटीस लागली आहे. तारीख आहे, वेळ आहे, अर्ज कुणाकडे द्यायचा ते आहे, डिपॉझिट किती तेही आहे. मत ज्या कागदावर द्यायचं तो कागद कसा असेल, याबद्दल मात्र एक ओळ नाही. मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मतपत्रिका कशी असेल ते आधी ठरवा, लेखी ठरवा, आणि उमेदवार कोण कोण आहेत हे कळायच्या आत ठरवा.

'एवढ्याशा निवडणुकीला कशाला रे नखरे?' असं म्हणणाऱ्यांनी गेल्या वर्षीची चिठ्ठी आठवावी. ए-फोर कागदाचे चार तुकडे. त्यावर तिन्ही उमेदवारांची नावं एकाच ओळीत, आणि नावांच्या मध्ये चौकोन. आता हा चौकोन डावीकडच्या नावाचा की उजवीकडच्या, हे टाइप करणाऱ्यालाच ठाऊक. पहिलं नाव ठळक होतं. का, तर म्हणे हेडिंगनंतर बोल्ड बंद करायचं राहिलं. कुणी टिक केली, कुणी फुली मारली (फुली म्हणजे 'हा नको' असंही होऊ शकतं ना?), कुणी नावाला गोल केला, आणि एका महाभागाने खाली 'पनीर आठवड्यातून दोनदा पाहिजे' असं लिहून पेटीत टाकलं. यातलं काय धरायचं आणि काय बाद करायचं हे मोजता मोजता ठरलं. ठरवणारेही उमेदवारांचेच रूममेट. फरक पडला सात मतांचा, आणि बाद चिठ्ठ्या त्याच्या तिप्पट.

जो निवडून आला तो मुलगा वाईट नव्हता. त्याने कामही बरं केलं. पण वर्षभर प्रत्येक मीटिंगला त्याला एकच टोमणा ऐकावा लागला, 'तू निवडून नाही आलास, तुला मोजून आणलंय.' कॉन्ट्रॅक्टर बदलायचा ठराव आला तेव्हा अर्धं होस्टेल सही करेना. कॉन्ट्रॅक्टर तोच राहिला, पोळ्या त्याच राहिल्या, बिल मात्र सगळ्यांनी भरलं.

आता देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. निवडणूक घेण्याबाबतचे नियम, १९६१ यांतला नियम २२ हा मतपत्रिकेचा नियम. जेमतेम तीन पोटकलमं आहेत. पहिलं असं की प्रत्येक मतपत्रिकेला स्थळप्रत (चेकबुकात असते तसली काउंटरफॉइल) जोडलेली असेल, आणि दोन्हींचा नमुना व भाषा निवडणूक आयोग ठरवेल. दुसरं असं की नावांचा क्रम उमेदवारांच्या अंतिम यादीत असेल तोच. तिसरं, दोन उमेदवारांचं नाव सारखं असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी काही जोडून त्यांच्यातला फरक दाखवायचा. झालं. वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण आयोगाने ठरवायचा, म्हणजे उमेदवाराने नाही, त्याच्या मित्राने नाही आणि छापखान्यानेही नाही. क्रम यादीप्रमाणे, म्हणजे टाइप करणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे नाही. आपल्या चिठ्ठीत जे जे चुकलं ते या तीन ओळींत आधीच पकडलेलं आहे.

आणि हे पहिल्या दिवसापासून असं नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर कुणाचंच नाव नव्हतं. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला, एक रुपयाच्या नोटेएवढा तो कागद. नाव आणि चिन्ह पेटीवर असायचं, कारण प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. मतदाराने आडोशाला जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. ज्या देशात बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, तिथे ही युक्ती बिनतोड होती. एकट्या विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तेव्हा १२ लाखांहून जास्त पेट्या तयार झाल्या. पण या पद्धतीत कागदावर मतदाराची कसलीच खूण उरत नाही. मत कुणाला, हे कागद सांगत नाही, पेटी सांगते. उद्या एका पेटीतले कागद दुसरीत गेले तर पकडणार कसं? कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर नेला तर? पुढे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सगळी नावं आणि चिन्हं एकाच कागदावर आली, पेटी एक झाली आणि हातात रबरी शिक्का आला. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी अजूनही 'शिक्का मारला' असंच असतं, बटण दाबलं तरी.

त्या शिक्क्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मेकॅनिकलवाल्यांना ते आवडेल. शिक्क्याची खूण बाणांच्या फुलीची, साधारण स्वस्तिकासारखी वळलेली. साधा गोल किंवा साधी फुली का नाही? समजा शाई ओली असतानाच मतदाराने कागदाची घडी घातली. शाई समोरच्या भागावर उमटणार, आणि मोजणाऱ्याला दोन खुणा दिसणार. गोलाची आरशातली प्रतिमा गोलच असते, त्यामुळे खरी खूण कुठली आणि डाग कुठला ते कळायला मार्ग नाही. वळलेल्या बाणांचं तसं नाही. ते उमटले की उलट्या दिशेने वळतात. एका नजरेत कळतं, ही खरी आणि ही घडीची. त्यातच घडी कशी घालायची तेही सांगितलेलं असतं, आधी उभी आणि मग आडवी. उभी घडी घातली की शाई उमटली तरी त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटते. आडवी आधी घातली तर ती खालच्या-वरच्या भलत्याच उमेदवाराच्या नावावर जाऊन बसेल. म्हणजे चूक होणार हे गृहीत धरून, ती झाली तरी मत वाचेल अशी रचना केलेली. आपण फेल-सेफ डिझाइनवर पाच मार्कांची शॉर्ट नोट लिहितो, तिचं इतकं स्वच्छ उदाहरण मला पुस्तकात सापडलं नाही.

मोजणीचे नियमही आधीच छापलेले. नियम ५६ मध्ये यादी आहे. मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं असेल तर मत बाद (आमचा पनीरवाला गेला!). कुणालाच खूण नसेल तर बाद. एकाहून जास्त उमेदवारांना मत असेल तर बाद. दिलेल्या साधनाऐवजी दुसऱ्याच कशाने खूण केली असेल तर बाद. खूण अशा जागी असेल की मत नक्की कुणाला ते संशयास्पद, तर बाद. मागे केंद्राध्यक्षाची सही आणि मतदान केंद्राची खूण नसेल तरी बाद. पण लगेच पुढे एक सवलतही आहे. खूण पुसट आहे किंवा दोनदा उमटली आहे एवढ्याच कारणाने मत बाद करायचं नाही, मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर ते धरायचं. म्हणजे कायदा कडक आहे पण खडूस नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता मशीन आलं. २००४ पासून लोकसभेचं सगळं मतदान मशीनवर होतं, हे खरंच. पण मशीनच्या बॅलट युनिटवर नावं येतात कुठून? तिथे छापील मतपत्रिकाच बसवलेली असते. लोकसभेची पांढरी, विधानसभेची गुलाबी. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने या कागदाच्या सूचना पुन्हा घट्ट केल्या आणि बिहारपासून त्या लागू केल्या. उमेदवाराचा फोटो रंगीत, आणि फोटोतल्या जागेपैकी तीन चतुर्थांश जागा चेहऱ्याला. अनुक्रमांक ३० आकाराच्या ठळक टाइपात. सगळ्यांची नावं एकाच फॉन्टमध्ये, एकाच आकारात. कागद ७० जीएसएम. विधानसभेच्या गुलाबी रंगाची छटासुद्धा आरजीबीच्या आकड्यांत ठरवून दिलेली. हसू येतं खरं, पण 'गुलाबी' एवढंच लिहिलं असतं तर प्रत्येक जिल्ह्याची गुलाबी वेगळी निघाली असती.

फोटो का आले, त्याचं उत्तर आपल्या रायगडात आहे. २०१४ च्या लोकसभेला तिथे अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. त्याच मतपत्रिकेवर सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष होते. त्यांना मतं पडली ९,८४९. यातली किती चुकून पडली ते सिद्ध करता येत नाही, पण फरकाच्या चौपट-पाचपट मतं घेणारा नामसाधर्म्याचा अपक्ष हा योगायोग मानायला फार मोठं मन लागतं. नियम २२ चं तिसरं पोटकलम होतंच, मतपत्रिकेवर मधलं नाव वेगळं होतंच. तरी पुरलं नाही. आयोगाने २०१५ मध्ये मतपत्रिकेवर फोटो आणले ते अशाच अनुभवांमुळे.

फोटो आल्यावर प्रश्न मिटला का? नाही. साताऱ्यात २०२४ ला लोकसभेचा निकाल ३२,७७१ मतांनी लागला, आणि तिथे पिपाणी चिन्ह घेतलेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली. हरलेल्या उमेदवाराचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. कोण जिंकायला हवं होतं हा माझा विषय नाही, आणि या पानावर तो नकोच. पण बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात ती दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. प्रश्न राजकारणाचा आहे तितकाच ड्रॉइंगचाही आहे.

कागद किती मोठा असावा हेही कधीकधी लोकच ठरवतात. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने ठरवून अर्ज भरले होते. एवढी नावं आणि चिन्हं नेहमीच्या कागदावर मावणार कशी? मतपत्रिकेचं वर्तमानपत्र झालं. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते, तिथे तर पुस्तकच छापावं लागलं. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर नेली, त्यामागे हा अनुभव होताच. माझं मत विचाराल तर बेळगावकरांनी मतपत्रिकेचाच पोस्टर केला, आणि कायद्याच्या चौकटीत राहून केला. निषेधाची इतकी मराठी तऱ्हा दुसरी नसेल.

कुणाला वाटेल हा आपल्याकडचाच गोंधळ. मग अमेरिका घ्या. फ्लोरिडा, नोव्हेंबर २०००, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. पाम बीच काउंटीत वयस्कर मतदार बरेच, उमेदवार दहा. टाइप मोठा ठेवायचा म्हणून तिथल्या निवडणूक अधिकारी बाईंनी नावं समोरासमोरच्या दोन पानांवर टाकली आणि भोकं पाडायची रांग मध्ये ठेवली. म्हणून तिचं नाव पडलं फुलपाखरू मतपत्रिका. क्रम कायद्याने ठरलेला होता. राज्यात गव्हर्नर ज्या पक्षाचा निवडून आला त्या पक्षाचा उमेदवार पहिला. म्हणून बुश पहिले, गोर दुसरे. डाव्या पानावर गोर यांचं नाव दुसरं, पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं. गोर यांचं भोक तिसरं. ब्युकॅनन यांना त्या काउंटीत ३,४०७ मतं पडली, आणि दोन-दोन भोकं पाडल्यामुळे १९ हजारांहून जास्त मतपत्रिका बाद झाल्या. सगळ्या फ्लोरिडात बुश जिंकले ५३७ मतांनी, आणि फ्लोरिडाबरोबर देशही. गंमत अशी की त्या बाई गोर यांच्याच पक्षाच्या, हेतू म्हाताऱ्यांना अक्षर दिसावं इतका साधा, नमुना मतपत्रिका आधी लोकांना दाखवलेली. लोक कोर्टात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवडणूक रद्द करण्याइतका कायद्याचा भंग झालेला नाही. हेतू चांगला, कायदा जवळजवळ पाळलेला, आणि तरीही हे. नावांच्या मध्ये चौकोन टाकणाऱ्या आपल्या डीटीपीवाल्या मित्राने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आपल्या कायद्यात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं कलम ३८ सांगतं की आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे, मग उरलेले, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. अपक्ष कायम तळाला. वर्णानुक्रम दिसायला निःपक्षपाती, पण 'अ'वाल्याला पहिली जागा जन्मजात आणि 'ह'वाल्याला शेवटची. ऑस्ट्रेलियात १९३७ ला न्यू साउथ वेल्समधून सिनेटवर गेलेल्या चारही जणांची आडनावं 'ए'ने सुरू होणारी होती, एकाच पक्षाची. त्यानंतर तिथे गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायला सुरुवात झाली. टास्मानियात तर प्रत्येक छपाईत नावांचा क्रम फिरवतात, म्हणजे वरच्या जागेचा फायदा सगळ्यांना सारखा वाटला जातो. आपल्या मेसच्या निवडणुकीत तीन-चार उमेदवार. क्रम फिरवून चार प्रकारच्या मतपत्रिका छापायला झेरॉक्सवाल्याला पाच मिनिटं जास्त लागतील. देशाला जे जड जाईल ते आपल्याला सहज जमेल.

स्टाफरूममधून एक शंका येईल ती आधीच घेतो. 'आम्हाला कशाला शिकवतोस?' सर, मॅडम, तुमच्यापैकी अनेक जण विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाचे मतदार आहात, आणि आम्हीही डिग्री मिळून तीन वर्षं झाली की पदवीधर मतदारसंघात नाव घालू शकू. तिथे आजही कागदच आहे, आणि तोही अवघड. चिन्ह नाही, टिक नाही, पसंतीचा आकडा लिहायचा. '१' चालतो, 'एक' चालत नाही. आणि पेन केंद्रावर मिळेल तेच, जांभळ्या शाईचं. या पेनालाही इतिहास आहे. २०१६ ला हरियाणातून राज्यसभेच्या निवडणुकीत डझनभर आमदारांची मतं वेगळ्या पेनाची म्हणून बाद झाली आणि निकाल फिरला. त्यानंतर आयोग स्वतःच पेन द्यायला लागला. आमदारांना जमलं नाही ते सेकंड इयरच्या पोराला रात्री साडेनऊला, मेससमोरच्या गर्दीत आपोआप जमेल, असं आपण कशावर धरतो?

यंदा काही जणांचं म्हणणं आहे की कागदाची कटकटच नको, व्हॉट्सअॅपवर पोल टाकू. पोलमध्ये कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्या ग्रुपला दिसतं. सीनियर उमेदवार उभा असताना फर्स्ट इयरचा मुलगा तिथे कुणाला मत देईल, ते सांगायला नको. गूगल फॉर्मवर ग्रुपला दिसणार नाही, पण एकाच माणसाने दोनदा भरू नये म्हणून लॉगिन लावावं लागतं, आणि मग कॉलेजच्या मेल आयडीसकट उत्तर कुणाकडे जात नाही ना, हे मतदाराला स्वतः तपासता येत नाही. त्याने फॉर्म बनवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. स्थळप्रतीची खरी करामत इथे आहे. मतदाराचा यादीतला क्रमांक आणि सही स्थळप्रतीवर राहते, खूण केलेला कागद पेटीत जातो, आणि कुठला कागद कुणाला दिला याची वेगळी टिपणं कुणी ठेवायची नाहीत असा नियमच आहे. एकाने एकदाच मत दिलं हे कळतं, आणि कुणाला दिलं हे कळत नाही. दोन्ही एकाच वेळी.

तेव्हा रेक्टर सरांकडे मागणी अशी. मतपत्रिकेचा नमुना अर्ज मागवायच्या आधी बोर्डावर लावावा. नावं एकाखाली एक, एकाच फॉन्टात, प्रत्येकाच्या समोर उजवीकडे एकच चौकोन आणि दोन ओळींमध्ये जाड रेघ. नाव सारखं असेल तर ब्रँच आणि रूम नंबर. फोटोही टाका, आयकार्डाचा चालेल. चौकोनात मारायचा शिक्का होस्टेलने द्यावा. ऑफिसात 'रिसीव्हड'चा शिक्का आहे, तोसुद्धा चालेल, उलटा उमटला की लगेच कळतो. मागे ज्यांची सही असेल ते सर निवडणुकीला उभ्या असलेल्या कुणाचे प्रोजेक्ट गाइड नसावेत. बाद कशाला म्हणायचं त्याची सहा-सात वाक्यं नमुन्याच्या खालीच छापावीत. 'नोटा'चा रकाना ठेवायचा की नाही यावर मीटिंगमध्ये भांडू, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितल्यापासून देशात तो आहेच.

खर्चाचं म्हणाल तर मी गेटसमोरच्या प्रेसमध्ये विचारून आलो. नंबर घातलेली, स्थळप्रतीला टिचकीची रेघ मारून पन्नास-पन्नासच्या बुकात शिवलेली पावती-बुकं तो रोजच छापतो, भिशीवाल्यांना आणि गणेश मंडळांना. मॅटर चार दिवस आधी हातात पाहिजे, आणि प्रूफ वाचायला दोघं जण पाठवा म्हणाला, वेगवेगळ्या गटांतले.